पदवीदानाला आलेली माणसं

सूनबाईचा निकाल लागला तेव्हा मी सोप्यात बसून तांदूळ निवडत होते. मुलाचा फोन आला. "आई, झाली गं पास. डी. एम. झाली." त्याचा आवाज असा की जणू तोच पास झालाय.

मी बोटांवर हिशेब मांडला. एम. बी. बी. एस.ची साडेपाच वर्षं, मग बालरोगाच्या एम. डी.ची तीन, मग नवजात बाळांच्या आजारांची डी. एम. करायला आणखी तीन. साडेअकरा वर्षं झाली. मधे प्रवेश परीक्षांसाठी घरी बसून काढलेला काळ यात धरलेला नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती एम. डी.च्या पहिल्या वर्षाला होती. नातू दीड वर्षाचा असताना तिनं डी. एम.ला प्रवेश घेतला.

"आई, मला तिच्यासाठी निपाणीत समारंभ करायचाय," मुलगा पुढं म्हणाला. "आपली सगळी माणसं बोलवू. तिच्या माहेरची पण."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कशाला एवढं? घरातल्या घरात गोड करू की."

फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं. थोरल्या जाऊबाई शेजारीच होत्या. त्यांनी तर स्पष्टच विचारलं, "नवऱ्यानं बायकोचा सत्कार करायचा? असं कुठं बघितलंय का आजवर?"

जाऊबाईंच्या प्रश्नाला उत्तर आहे. ते शोधायला फार लांब जायलाही नको. आमच्या निपाणीहून चाळीसएक किलोमीटरवर, कोल्हापुरातच त्याचा एक धागा सापडतो. माझ्या 'कशाला'चं उत्तर मात्र मला जरा खोलात जाऊन शोधावं लागलं. हा लेख त्या दोन्ही उत्तरांसाठी.

तुमच्यापैकी अनेकींनी कोल्हापूरचं सी. पी. आर. बघितलं असेल. दसरा चौकाजवळची ती जुनी दगडी इमारत. कुणाचं बाळंतपण, कुणाचा अपघात, कुणाची भेट, या ना त्या कारणानं आपण तिथं गेलेलो असतो. त्या दवाखान्याचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. 1886 साली कोल्हापूर संस्थानानं या दवाखान्यातल्या स्त्रियांच्या विभागासाठी एक डॉक्टर नेमली. तिचं नाव आनंदीबाई जोशी. नेमणूक झाली तेव्हा ती अमेरिकेत होती आणि वय होतं एकवीस. ती त्या दवाखान्यात कामावर कधीच रुजू होऊ शकली नाही. का, ते पुढं येईलच.

आनंदीबाईंना मी इथं 'ती' म्हणणार आहे. अनादर नाही, पण माझ्या मुलीपेक्षाही लहान वयात गेलेल्या मुलीला मला 'त्या' म्हणवत नाही.

ती मूळची यमुना, कल्याणच्या जोशी घराण्यातली. जन्म 31 मार्च 1865. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी. ते बिजवर, वयानं तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचंच, या एका ध्यासानं झपाटलेला माणूस. पोस्टातली नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा संसार फिरत राहिला. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरपुढं बाईनं जायचं नाही, अशा त्या काळात बाळंतघरातली अशी मरणं नशिबावर घातली जात. या मुलीनं ते तिथं सोडलं नाही. आपण डॉक्टर व्हायचं, हे तिच्या मनात त्या दु:खातून रुजलं.

कोल्हापूरचा धागा इथं लागतो. गोपाळराव कोल्हापुरात असताना, 1878 साली त्यांनी अमेरिकेतल्या एका पाद्र्याला पत्र लिहिलं. त्यांचं नाव वाइल्डर. हे वाइल्डर साहेब आधी बरीच वर्षं कोल्हापुरातच मिशनचं काम करून मायदेशी परतले होते. बायकोला शिकवायला अमेरिकेत आणायचं आहे, काही सोय होईल का, असं गोपाळरावांनी विचारलं. साहेबांनी मदत तर केली नाहीच, उलट धर्म बदलण्याचा सल्ला दिला, आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. गोपाळरावांना धर्म बदलायचा नव्हता. गोष्ट तिथंच संपली असती.

पण 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या एक बाई दातांच्या डॉक्टरकडं आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी चाळायला घेतलं आणि त्यात हा पत्रव्यवहार वाचला. त्या बाई म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर. त्यांनी ना ओळखीच्या ना देखीच्या मुलीला पत्र धाडलं. पत्रं येत-जात राहिली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. तिला सातासमुद्रापार घर मिळालं ते असं.

1883च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं लोकांपुढं उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, जाऊन आल्यावर आपला धर्म सोडणार का, या सगळ्या कुजबुजीला तिनं एक-एक करून उघड उत्तर दिलं. तेव्हा ती अठरासुद्धा पूर्ण नव्हती. 7 एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत चढली, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. नवरा बरोबर नव्हता. तो इथंच पोस्टात. पुढं तिनं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तीन वर्षांचा अभ्यास होता. कडाक्याची थंडी, अंगात लुगडं, जेवणात शाकाहाराचा नेम, आणि वारंवारची आजारपणं. आपल्या शाकाहारी घरांतली मुलं परदेशी शिकायला जातात तेव्हा बरोबर लोणच्यापासून शेंगदाण्याच्या चटणीपर्यंत सगळं बांधून देतो आपण. त्या मुलीला तिथं काय मिळत असेल, याचा विचार करा.

आता गोपाळरावांबद्दल. त्यांचं कौतुक करताना माझी लेखणी अडखळते. त्या काळात बायकोला शिकवणं म्हणजे सगळ्या गावाशी वैर. ते त्यांनी पत्करलं. पण लहानपणी तिनं त्यांच्या हातचा मारही खाल्ला. अभ्यास केला नाही म्हणून मार. अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात तिनं हे लपवून ठेवलेलं नाही, तोंडावर लिहिलंय. काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र लिहिलं, तेव्हापासून मराठी बायका या नवरा-बायकोबद्दल वाचत आल्यात, आणि दर पिढीला हाच प्रश्न पडलाय. हा माणूस चांगला म्हणायचा की वाईट?

आपल्याकडं कर्माचा हिशेब सांगताना तीन शब्द येतात. कृत, कारित आणि अनुमोदित. स्वत: केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनापासून दिलेली संमती. लहानपणी बस्तीत पाठशाळेत हे पाठ केलेलं. पाप असो की पुण्य, तिघांनाही वाटा आहे. मला आनंदी-गोपाळची गोष्ट या तीन शब्दांत नीट समजली. अभ्यास केला आनंदीनं, ते कृत. करवून घेतला गोपाळरावांनी, ते कारित. आणि करवून घेणाऱ्याच्या हातात छडीही असू शकते, हे विसरून चालत नाही. पण करवणं वेगळं आणि अनुमोदना वेगळी. अनुमोदना म्हणजे समोरच्याचं यश त्याचंच आहे हे मान्य करून त्यात आपण आनंदी होणं. तिथं मालकी सोडावी लागते. ते करवण्यापेक्षा अवघड.

गोपाळरावांना ते कितपत जमलं? 1885 साली ते अमेरिकेला जाऊन पोचले. तिथं त्यांनी भाषणं दिली ती त्याच देशावर टीका करणारी. जिथली माणसं आपल्या बायकोला सांभाळत होती, तिथंच. तिला त्यानं किती अवघडल्यासारखं झालं असेल! तरीही 11 मार्च 1886 या दिवशी, फिलाडेल्फियाच्या सभागृहात जेव्हा तिचं नाव पुकारलं गेलं आणि तिच्या हातात एम. डी.ची पदवी आली, तेव्हा नवरा समोर बसलेला होता. एवढी गोष्ट खरी. जाऊबाई, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. नवरा बायकोच्या पदवीला हजर होता, आणि त्यासाठी तो अर्धी पृथ्वी ओलांडून गेला होता.

पण त्या सभागृहात आणखी कोण होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथं पंडिता रमाबाई होत्या. इंग्लंडहून आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन त्या या समारंभासाठी आल्या होत्या. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडले यांनी त्यांना बोलावलं होतं. रमाबाईंची स्वत:ची गोष्ट माहीत असली की हे बोलावणं किती मोठं ते कळतं. 1882 साली सरकारच्या शिक्षण आयोगापुढं साक्ष देताना, या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हव्यात, हे रमाबाईंनी ठणकावून सांगितलं होतं. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या स्वत: डॉक्टर व्हायचं म्हणूनच. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळं वैद्यकीचा अभ्यास त्यांना सोडावा लागला.

म्हणजे जी पदवी आपल्याला घेता आली नाही, ती दुसरीच्या हातात पडताना बघायला ही बाई समुद्र ओलांडून आली. मनात काय आलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण ती आली, एवढं पुरे आहे. अनुमोदना म्हणतात ती ही.

इथं माझ्या 'कशाला'चं उत्तर मला सापडायला लागलं. आता जरा घरातलं सांगते.

आमचे डॉक्टर एम. एस. झाले त्याला आता पस्तिसावर वर्षं झाली. त्यांची ती तीन वर्षं मी इथं निपाणीत काढली, सासू-सासऱ्यांजवळ, पदरात मूल घेऊन. ते महिन्या-दोन महिन्यांनी एस. टी.नं यायचे, एक रात्र राहून परत. दुसऱ्या वर्षीची फी भरायला माझ्या माहेरच्या पाटल्या गहाण पडल्या. ते पास झाले तेव्हा मोठा मंडप घातला होता. सासऱ्यांचा सत्कार झाला, थोरल्या दिरांचा झाला, शाळेतल्या गुरुजींचा झाला. भाषणं झाली. मी तेव्हा आत हुग्गीला तूप सोडत होते. माझं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं, असं तेव्हा मलाही वाटलं नाही. वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मुलगा "समारंभ करायचाय" म्हणाला तेव्हा माझ्या तोंडून जे 'कशाला' निघालं, ते त्या पाटल्यांतून निघालं होतं. माझं कुणी केलं नाही, मग तिचं कशाला? सासू-सुनेच्या पुष्कळ भांडणांचं मूळ असंच कुठंतरी बाराभानगडींच्या खाली दडलेलं असतं. आपल्याला न मिळालेलं दुसरीला मिळताना बघणं. रमाबाईंनी हे ज्या मोठ्या मनानं केलं, त्यातलं चिमूटभर तरी मला जमायला हवं होतं.

आनंदीचं पुढं काय झालं, ते तुम्हाला ठाऊक असेल. कोल्हापूरच्या नेमणुकीवर यायला ती निघाली खरी, पण शरीर क्षयानं पोखरलेलं होतं. 1886च्या नोव्हेंबरात ती मुंबईला उतरली. स्वागत झालं, अभिनंदनं आली. ती मात्र अंथरुणालाच खिळली. 26 फेब्रुवारी 1887ला पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. पदवी हातात आल्यापासून 352 दिवस. तिची रक्षा मावशीकडं अमेरिकेला पाठवली गेली. कार्पेंटर कुटुंबानं न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथं आपल्या घरच्या दफनभूमीत तिला जागा दिली. तिथं तिच्या नावाचा दगड आजही आहे. आपल्याकडं तिचं कौतुक झालं, पण त्यातलं बरंचसं ती गेल्यावर. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात पुढं शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. आनंदीची रिकामी राहिलेली जागा अशी भरली.

त्याच काळातल्या आणखी दोघींची आठवण केल्याशिवाय पुढं जाववत नाही. आनंदी गेली त्यानंतर सहाच दिवसांनी, 4 मार्च 1887ला, मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल लागला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना नवऱ्याकडं नांदायला जायचं नव्हतं. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा तो निकाल. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं 1888 साली तडजोड झाली. 1889ला त्या लंडनला गेल्या आणि 1894 साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. सुरतेत आणि राजकोटात त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. त्यांच्या पदवीला टाळी वाजवायला नवरा नव्हता. नवऱ्याच्या हातून सुटूनच त्यांना पदवी घ्यावी लागली.

दुसऱ्या बंगालच्या कादंबिनी गांगुली. आनंदीला अमेरिकेत पदवी मिळाली त्याच 1886 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून त्या बाहेर पडल्या. त्यांचे यजमान द्वारकानाथ गांगुली, मुलींना त्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून भांडलेले. 1891 साली एका बंगाली पत्रानं कादंबिनींच्या चारित्र्यावर गलिच्छ लिहिलं. बाई रात्री-अपरात्री रोगी बघायला जाते, एवढाच तिचा गुन्हा. द्वारकानाथांनी गप्प बसा म्हणून बायकोला घरात कोंडलं नाही. त्यांनी संपादकाला कोर्टात खेचलं आणि त्याला सहा महिन्यांची कैद झाली. आठ मुलांचं घर सांभाळून कादंबिनी आणखी शिकायला 1893 साली विलायतेलाही गेल्या.

तीन बायका आणि तीन नवरे. एकानं करवून घेतलं, एकानं अडवलं, एक पाठीशी उभा राहिला. सव्वाशेवर वर्षांनी आज आपल्या घराघरांतून हे तिन्ही नवरे सापडतात. आपणच बघा आपापल्या घरात.

मी मुलाला परत फोन लावला. म्हटलं, "कर समारंभ. पण माझी एक अट आहे. स्टेजवर एकट्या तिला बसवायचं नाही. तिच्या आईला बसवायचं, आणि बाळाला सांभाळायला जी मावशी येत होती तिलाही." तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आणि आई, तुला?" मी म्हटलं, "ते बघू."

समारंभ झाला. आमच्याकडं सूर्यास्ताच्या आत जेवणं आटपायची, म्हणून दुपारी चारलाच पंगत मांडली. खपली गव्हाची हुग्गी केली होती. या वेळी तूप सोडायला मी आत नव्हते. मुलगा दोनच मिनिटं बोलला. लग्नानंतर तिच्या किती रात्रपाळ्या झाल्या, याचा हिशेब त्यानं कॅलेंडरवर ठेवला होता. ते सगळे आकडे त्यानं वाचून दाखवले. बाया हसल्या, पण काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मग सूनबाई उभी राहिली. आपल्यात चार दानं सांगितलीत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. ती म्हणाली, "मी जे औषधदान करणार, ते तुम्ही सगळ्यांनी मला दिलेल्या वेळातून करणार." एवढंच बोलून ती खाली बसली.

आमचे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. ते उठून माईकजवळ गेले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "पस्तीस वर्षांपूर्वी याच गावात माझा असाच समारंभ झाला होता. तेव्हा एक नाव घ्यायचं राहिलं." आणि त्यांनी माझं नाव घेतलं. पाटल्यांचंही सांगितलं, किती तोळ्यांच्या होत्या ते. मला वाटायचं त्यांना आठवतही नसेल.

जाऊबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाल्या, "आता बघितलं गं बाई."

सूनबाई आता जवळच्याच शहरात नवजात बाळांच्या विभागात काम करते. दहा दिवसांची, पाच दिवसांची, एका दिवसाची बाळं. परवा फोनवर म्हणाली, आज तीन घरी गेली. मी तिला आनंदीच्या बाळाचं सांगितलं. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, तो दहा दिवसांचा कशानं गेला असेल हो?" कुणी तपासलंच नाही तर कसं कळणार? ती म्हणाली, "मी फाईलवर कारण लिहिते ना रोज, तेव्हा आता त्याची आठवण येईल."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी असा लांबलचक अभ्यास चालू असेल. मुलाचा, मुलीचा, सुनेचा, जावयाचा. तो पुरा होईल त्या दिवशी 'कशाला' म्हणू नका. आणि यादी करताना स्वयंपाकघरात तूप सोडत असलेल्या बाईचंही नाव लिहा. माझं पस्तीस वर्षांनी लिहिलं गेलं. तुमच्याकडं इतका उशीर नको.